केवल पडला तो दिवस

॥ श्री ॥

सेक्टर १०, भिलाई
दि. ११ जानेवारी २०२४

चि. सौ. बेबीस शालिकदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू बोलते आन् मले नुसती घरघर ऐकू येते, म्हणून हे पत्र. आपली नात टीना हसते, म्हणते आजोबा अजून पोस्टाच्या डब्ब्यात चिठ्ठ्या टाकतात. हसू दे. गुडघे बरे हायत, शुगर जरा वाढली, बाकी सर्व ठीक.

खबर अशी की आमी केवलराम देवांगनचा सत्कार करून राहिलो. रायपूरविरुद्धच्या बास्केटबॉल फायनलमधे तो पडला, त्याले या वर्षी चाळीस वर्षं झाली. कॅम्प-१ च्या चहाटपरीवर आमच्या जुन्या लोकांची कमेटी झाली, दौलतराव सेक्रेटरी. १८ फेब्रुवारी, रविवार, दुपारी तीन. तुले यायचं हाय, बहाणा चालणार नाही.

तुले आठवते काय, दोन वाजता प्लांटातली शिफ्ट सुटली की आमी जेवायले घरी न जाता सरळ कोर्टावर यायचो? हेल्मेट कठड्यावर बडवायचो. तो क्रेन चालवणारा साधा माणूस, बुटाले सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून खेळायचा, पण उडाला की मान वर करून पाहावं लागे. छत्तीसगढी लोक ओरडायचे, उड़ गे, उड़ गे! तसा माणूस पुन्हा झाला नाही. आताचे पोरं नुसते हात वर करून हिंडतात.

यावरूनच मागच्या आठवड्यात टपरीवर लफडा झाला. पियूष नावाचा एक चोवीस वर्षांचा खेळाडू म्हणे की आजच्या टीमनं केवलले दहा मिनिटांत बसवलं असतं. दौलतरावनं हातातला चहाचा गिलास त्याच्या कानावर फोडला. सात टाके पडले. मी मधात पडलो नाही. खरं सांगू, मले बरंच वाटलं.

त्या रायपूरच्या दीनानाथनं केवलच्या गुडघ्यावर लाथ घातली नसती तर आपला माणूस देशासाठी खेळला असता. आमीबी मग त्याले सोडलं नव्हतं म्हणा.

जावईबापूंना नमस्कार. उत्तर लवकर टाक, आन् दादावर जीव आहे तसाच ठेव.

तुझा
शालिकदादा


तुमसर
दि. २२ जानेवारी २०२४

ती. दादास बेबीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, मुंग्या चालल्यासारखं. इथे आम्ही दोघंही बरे आहोत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी लोकांच्या पोरांचं शुद्धलेखन फुकटात तपासते, हे म्हणतात आता रेशनच्या पावत्याही तपासून दे.

पण त्या पोराच्या कानाला सात टाके पडले आणि तुला बरं वाटलं, हे वाचलं आणि पत्र हातातून खाली ठेवलं. सहासष्ट वर्षांचा झालास तू.

दादा, एक गोष्ट मी आजवर बोलले नाही. त्या दुपारी मी आणि सेक्टरच्या पोरी बास्केटखालच्या बुटक्या भिंतीवर बसलो होतो. माझ्याइतक्या जवळून दुसऱ्या कोणी पाहिलं नसेल. केवलला कोणीही लाथ मारली नाही. तो वरून आला तो एकाच पायावर आला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दीनानाथ तेव्हा चार हात लांब होता.

मग तुम्ही लोक कठड्यावरून उड्या टाकून आत आलात. त्या पोराला केसांना धरून पाण्याच्या टाक्यामागे नेलं. त्या घोळक्यात तुझा निळा स्वेटर होता. घरी आलास तेव्हा बाहीला रक्त होतं. केवलला उचलताना लागलं म्हणालास. पण केवलला रक्त आलंच नव्हतं, दादा. मी तो स्वेटर धुऊन वाळत घातला आणि काही विचारलं नाही. तेव्हा एकोणीस वर्षांची होते, तुझ्या घरी राहून शिकत होते.

आज विचारते. ते रक्त कसं आलं?

सत्काराला मी येणार नाही. राग धरू नकोस, आणि उत्तर द्यायचं टाळू नकोस.

तुझी
बेबी


सेक्टर १०, भिलाई
दि. ६ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. बेबीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी फाडलं. मग तुकडे उचलून उत्तर लिहायले बसलो, तर तेबी फाडलं. बायकांना खेळातलं काय समजते, असं त्यात लिहिलं होतं. ते तुले पाठवलं नाही हे बरं झालं.

परवा मी आन् दौलतराव मोटरसायकलनं अहिवाऱ्याले गेलो, केवलले निमंत्रण द्यायले. गावाबाहेर घर हाय, झाडांच्या पानांवर चुन्याची धूळ. त्यानं आमाले बसवलं, पाणी देल्लं. मग दौलतरावनं पत्रिका हाती देल्ली. तिच्यात छापलं होतं की दीनानाथच्या लाथेनं संपलेला महान खेळाडू. केवलनं दोनदा वाचलं, उठला, दाराजवळची बैलाची काठी घेतली आन् दौलतरावच्या पाठीत घातली. दौलतराव पडला तरी केवल थांबला नाही. मोटरसायकलचा दिवा फोडला. मी धरायले गेलो तर गचांडी धरून मले नालीत फेकलं. पासष्ट वर्षांचा माणूस, पण काय हात हाय त्याचा! दौलतराव पळाला. मले पळता आलं नाही.

मग तो दम खात नालीच्या काठावर बसला आन् बोलला. म्हणे, मले कोणीच मारलं नव्हतं, मी माह्याच पायानं पडलो. म्हणे, गुडघा सा महिन्यांत बरा झाला होता, डॉक्टरनं खेळ म्हटलं होतं, मीच पुन्हा कोर्टावर पाय ठेवला नाही. कावून, तर जमिनीवर पडल्या पडल्या त्याले लोकांच्या पायांमधून टाक्याकडचं सारं दिसत होतं. एक शब्द बोलला असता तर आमी थांबलो असतो. पण केवल देवांगन आपल्या आपण कसा पडेल, याची त्याले लाज वाटली. म्हणून तो डोळे मिटून पडून राहिला. आन् तो मले म्हणे, निळ्या स्वेटरवाला तू होतास.

हो बेबी, मीच होतो. दोघांनी दीनानाथचा उजवा हात टाक्याच्या कठड्यावर दाबून धरला होता. मांगून लोक ओरडत होते, याच हातानं बास्केट टाकते, हाच फोडा. वीट माह्या हातात होती. मी तीनदा मारली. पयल्यांदा तो माय म्हणून ओरडला. दुसऱ्यांदा नुसता आवाज निघाला. तिसऱ्यांदा तो बेशुद्ध होता, तरी मी मारली.

पोलिसांनी विचारलं तेव्हा साऱ्या भिलाईत कोणी काही पायलं नव्हतं. चार महिन्यांनी माहं लग्न झालं, तू वरातीत नाचली होती. मी चाळीस वर्षं लोकाईले सांगत रायलो की तो जमाना सोन्याचा होता, आन् सांगताना मले ती वीट आठवत नव्हती. हे खोटं नाही. खरंच आठवत नव्हती.

आता काय करू ते लिही.

शालिक


तुमसर
दि. १२ फेब्रुवारी २०२४

दादा,

आधी सत्कार बंद कर, आणि का बंद करतोस ते सर्वांसमोर सांग. मग रायपूरला जाऊन त्या माणसाला शोध. केवलला सोबत घे.

तुझ्यावर रागावू की तुझी काळजी करू, हे मला अजून ठरवता येत नाही. औषधं वेळेवर घे.

बेबी


सेक्टर १०, भिलाई
दि. २० मार्च २०२४

चि. सौ. बेबीस आशीर्वाद. वि. वि.

उशीर झाला कारण पंधरा दिवस झोपून होतो. तू म्हटलं तसं केलं. १७ फेब्रुवारीच्या दुपारी कमेटीच्या मीटिंगमधे उभा रायलो, सत्कार बंद करा म्हटलं आन् सारं सांगतलं. केवल आपल्याच पायानं पडला आन् आपण एका निर्दोष पोराचा हात फोडला. मग एक जण म्हणे, याले रायपूरवाल्यांनी फितवलं. दौलतरावनं लोखंडी खुर्ची उचलून माह्या छातीत घातली. मी खाली पडल्यावर बाकीचे आले. हे सारे माहे दोस्त, बेबी, तीस तीस वर्षं एका शिफ्टमधे डबा खाल्लेले. तीन दात गेले, दोन बरगड्या मोडल्या. मारताना ते केवलच्याच नावानं ओरडत होते. मी डोळे मिटले, मले वाटलं आता वीट येईन.

केवल दवाखान्यात आला. मले संत्री सोलून देल्ली. १० मार्चले आमी दोघं रायपूरले गेलो. तात्यापाऱ्यात दीनानाथचं घर हाय. बापाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, पण उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत, म्हणून ते त्याले चालवता आलं नाही. जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजलं.

त्यानं दार उघडलं आन् केवलले पायताच ओळखलं. वाकून त्याचे पाय धरले. म्हणे, माफ करा, माझ्यामुळं तुमचा खेळ संपला. ऐकून राहिली ना बेबी? मार खाल्ला त्यानं, आन् माफीबी तोच मांगत होता. त्या गर्दीत आपला पाय लागला की नाही हे त्याले कधी कळलंच नाही. सारे म्हणत होते तू मारलं, तर त्यानंबी मानलं.

केवलनं सांगतलं की तुझा काही दोष नव्हता. त्याले पटलं नाही. म्हणे तुम्ही मोठ्या मनाचे, माझं मन राखायले बोलता. मग मी सांगतलं की वीट माही होती. त्यानं माह्याकडं पायलं, आन् डाव्या हातानं तोंडावर मारलं, जिथं दात गेले तिथंच. मग अजून दोनदा. त्याच्या बायकोनं त्याले मांगं ओढलं आन् दार लावलं.

तू त्याले लिही. त्या दिवशी साऱ्या कोर्टावर न ओरडणारी तू एकटीच होती. पत्ता मांगच्या पानावर हाय.

तुझा
शालिकदादा


तुमसर
दि. २८ मार्च २०२४

श्री. दीनानाथजी यांस स. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. ज्याने तुमचा हात फोडला त्या शालिकरामची मी धाकटी बहीण. पुढे वाचायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

त्या दुपारी मी बास्केटखालच्या भिंतीवर बसले होते. शाळेत तीस वर्षं पोरांना पाहिलं तेवढंच लिहा म्हणून शिकवलं, म्हणून पाहिलं तेवढंच लिहिते. केवलराम उडाले तेव्हा तुम्ही त्यांच्या डावीकडे, चार हातांवर होता. तुम्ही उडीसुद्धा घेतली नव्हती. ते पडले, आणि तुम्ही धावत त्यांच्याजवळ गेलात. एक हात त्यांच्या मानेखाली घातलात, दुसरा पाठीखाली. तुम्ही त्यांना उचलायला वाकला होता. त्याच वेळी पहिल्या माणसाने मागून तुमचे केस धरले.

हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पोलीस सेक्टरमध्ये आले होते, आमच्या दारातही आले. मी आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाही. माझा भाऊ तुरुंगात जाईल आणि मला शिक्षण सोडून गावी परतावं लागेल, अशी भीती होती. माझं शिक्षण पूर्ण झालं, नोकरी झाली. त्याची किंमत तुम्ही दिलीत, हे मला ठाऊक होतं.

तुम्ही बोलवाल तर रायपूरला येऊन हेच तुमच्या घरच्यांसमोर सांगेन. बोलवलं नाहीत तरी ते रास्तच मानीन.

आपली
बेबी


तात्यापारा, रायपूर
दि. ९ एप्रिल २०२४

सौ. बेबीताईंस दीनानाथचा नमस्कार. वि. वि.

डाव्या हाताने लिहितो आहे, वाचायला त्रास होईल.

तुमचं पत्र बायकोने मोठ्याने वाचलं, मग मी एकटाच वाचलं. मी वाकलो होतो, हे मला आठवत होतं. का वाकलो होतो, ते आठवत नव्हतं. लोक म्हणायचे की लाथ मारून पुन्हा मारायला वाकला. बावीस वर्षांचा होतो, इतके जण सांगतात तर खरंच असेल, असं मानून बसलो. माझ्या आईनेसुद्धा मरताना विचारलं होतं, बाळ, तू खरंच मारलं होतंस का? मी तिला हो म्हणालो होतो.

गेल्या रविवारी केवलजी आले होते. मी त्यांना सांगितलं की त्या सामन्याआधी दोन वर्षं मी पॅसेंजरने भिलाईला येऊन, विरुद्ध बाजूच्या लोकांत लपून त्यांचा खेळ पाहायचो. त्यांना फार हसू आलं. आम्ही त्या सामन्याबद्दल पुष्कळ बोललो. ते पडण्याआधी गुण एकसष्ट-एकसष्ट झाले होते, तिथवर येतो, आणि दोघंही चहा घेतो. पुढे अजून गेलो नाही.

तुमच्या भावाला मी क्षमा केलेली नाही आणि करणारही नाही, हे त्यांना कळवा. तीन थपडा मारल्या, त्याचंही मला वाईट वाटत नाही. त्यांना माझ्या दारी आणू नका.

तुम्ही मात्र या. आईचा फोटो समोरच्या खोलीत आहे. मला जे सांगितलंत ते तिच्यासमोर एकदा बोला. मी म्हटलं तर माझ्या तोंडून मला ते खरं वाटत नाही.

ओळख असू द्यावी.

आपला
दीनानाथ