दुसरा शब्द

दि. ३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पाठ दुखत असूनही तू वर्गात उभीच राहून शिकवतेस म्हणे. डॉक्टरलाही बाकावर बसवलं असशील.

इकडे माझी तंतरली आहे. सोमवारी माझ्या क्रेनवरून लोखंडी तुळई घसरली आणि खालच्या वेल्डरचा पाय गेला. गुरुवारी चौकशी आहे. तो नको तिथे उभा होता, असं सांगायचं सगळ्यांनी ठरवलंय.

खरं तुलाच सांगतो. खालून मला हाताने इशारे देणारे मामा त्या दिवशी टाइट होते. आमच्यात रिवाज आहे, की कामाआधी त्यांनी हात समोर धरायचा, मी दहा आकडे मोजायचे. हात थरथरला तर त्या दिवशी वजन उचलायचं नाही. मामांचा हात तीन आकडेसुद्धा टिकला नाही. मामांचं विमान उडालंय म्हणून मी हसलो आणि शिडी चढलो. नात्याचे नसले तरी मला क्रेन त्यांनीच शिकवली. त्यांना घरी जा कसं म्हणणार? आता बोललो तर त्यांची नोकरी जाईल, माझीही.

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझा धाकटा

दि. ५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या घरी आबांच्या पिण्याला किती शब्द होते, आठव. तर्र, टल्ली, टुन्न. आई म्हणायची, आज स्वारी ढगात आहे, आणि आपण खदखदून हसायचो. असं हसतहसतच त्यांना स्मशानात पोचवलं. तिथेही आपण लोकांना सांगितलं, ते आजारी होते. माणूस बुडताना हात मारतो आणि काठावरचे म्हणतात, काय नाचतोय! याला माया म्हणू नकोस. हा भ्याडपणा आहे, आणि मीही तो केलाय.

तुझीही तंतरलेली नाही. तू घाबरला आहेस. खुशाल घाबर, पण ज्याचा पाय गेला त्याच्याच माथी दोष मारणार का? मामा प्यायले होते, तू पाहिलंस, तरी उचललंस. एवढंच बोल. नोकरी गेली तर इकडे ये. मागची खोली गळते, पण माझ्या भाषणांपेक्षा कमी छळेल.

माझ्या मायेत उणं नाही, तुझ्याही मायेत येऊ देऊ नकोस.
तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोललो. तू लिहिलंस तसंच, सरळ. जबाब टाइप करायला कचेरीतली मामांचीच मुलगी बसली होती. ‘प्यायले’ या शब्दापाशी तिची बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली.

वेल्डरवरचा ठपका निघाला. आम्हा दोघांना त्याच दुपारी कामावरून काढलं. माझा डबा कुणीतरी आधीच फाटकाबाहेर आणून ठेवला होता. निरोपाला एकही जण आला नाही.

मामा बाहेर कठड्यावर बसले होते, शुद्धीत, दाढी करून. शिव्या देतील असं वाटलं. त्यांनी हळूच एवढंच विचारलं, की पोरगी लिहून घेत होती, तुला दुसरा एखादा शब्द सापडला नाही का रे?

मी डबा उचलला आणि चालू लागलो. ताई, तू काय म्हणाली असतीस?

लोभ असू दे, आता इतर कुठे उरलेला नाही.
तुझा धाकटा