पदराखालचं बोलणं

कारंजा (लाड)
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय जगू,

तुला, रंजीताला आणि संस्कृतीला आशीर्वाद. इकडे थंडी पडायला लागली आहे. तुरी फुलल्या आहेत. माझं बरं चाललं आहे.

काल जेवताना लाइट गेली आणि आपलं जुनं स्वयंपाकघर आठवलं. ताटात पिठलं-भाकर, आई काहीतरी सांगते आहे, आणि गोष्ट ऐन रंगात असताना अंधार. दुसऱ्यांच्या घरी लाइट गेली की लोक जास्त बोलायचे. आपल्या घरी बोलणं तिथेच तुटायचं, कारण आईचे हात दिसायचे नाहीत. बाबा कंदील शोधायला उठायचे. तेवढ्यात आईचे हात अंधारातून यायचे, तुझा एक आणि माझा एक हात ओढून स्वतःच्या हातांवर ठेवायचे आणि राहिलेली गोष्ट पुरी करायचे. लसणाचा वास असायचा त्या हातांना. कंदील आला तरी तू हात काढायचा नाहीस. बाबा म्हणायचे, "दिवा आला ना बाप्पा, आता तं जेव."

काल मी अंधारात हात पुढे केले. सवय जात नाही.

माझं अक्षर बारीक झालं आहे, चष्मा लावून वाच. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी गिरवून घेतलेलं ते गोल अक्षर तुला यात सापडणार नाही. त्याचं कारण पुढे लिहीन, जमलं तर.

फोन करता आला असता. पण फोनवर तू "हो, बरं, ठीक" म्हणतोस आणि मी हवापाण्यावर येते. म्हणून पत्र. मागणं आधीच सांगते. जानेवारीत इथे एक संग्रहालय उघडणार आहे. ते उघडायच्या आधी एकदा ये.

संग्रहालय म्हणजे फय्याजभाईंच्या कापड दुकानावरची खोली. त्यांचा धाकटा भाऊ तौकीर बहिरा आहे, तुझ्याबरोबर विटीदांडू खेळायचा तोच. तौकीरने आणि त्याच्या शाळेतल्या जुन्या मित्रांनी बहिऱ्या माणसांच्या वस्तू जमवल्या आहेत. छातीवर बांधायची जुनी श्रवणयंत्रं आहेत. एका शिंप्याच्या घरातला लाकडी ठोकळा आहे, दाराबाहेरून दोरी ओढली की तो आत जमिनीवर आपटायचा आणि पावलांना कळायचं, कोणी आलं. मांडणी यूसरा करते. ती मंगरूळपीरची, स्वतः बहिरी, शिकलेली, तिखट. पाटीवर कोणीतरी 'मूकबधिर' लिहिलं होतं, तर तिने 'मूक' खोडून टाकलं आणि मोबाइलवर लिहून मला दाखवलं, "मुक्या कुठं हाओत आमी? दिवसभर बोलून राह्यलो."

आईच्या खुणा मी तिथे कॅमेऱ्यासमोर करून दाखवते. शाळेत शिकवतात त्या खुणा वेगळ्या. आई शाळेत गेलीच नव्हती. तिच्या खुणा तिच्या, बाबांच्या आणि कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांच्या. बाबांचं उत्तर आठवतं? लोक म्हणाले, गोमती बहिरी आहे, कायले करतं लग्न? बाबा म्हणाले, "जिनात यंत्रापुढं कोणाले आयकू येते? आमी सारेच हातानं बोलतो. तिले शिकवाचं काही कामच नाही."

आणि आपल्या घराची ती मागची, जिनिंगला लागून असलेली भिंत. संध्याकाळी जिनिंगची यंत्रं थांबली की भिंतीची थरथर थांबायची आणि आई चहा टाकायची. जिनिंग बंद पडलं, बाबा गेले, तरी ती त्या वेळेला भिंतीला हात लावून उभी राहायची. पोळ्याला तिला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी लावते. जगू, हे कोणाला सांगितलेलं नाही. या पावसाळ्यापासून भिंत पुन्हा थरथरायला लागली. भिंतीपलीकडे आता नुसतं गवत आहे. मला भीती वाटली नाही. मी दोन कप चहा टाकत होते.

१८ नोव्हेंबर

परवा इथेच थांबले, हात दुखला. आज मुख्य गोष्ट लिहिते.

यूसराने संग्रहालयाच्या भिंतीसाठी आईचा जो फोटो निवडला आहे तो तुझ्या लग्नातला आहे. नाशिकचा हॉल, कोपऱ्यात खुर्चीवर आई, मोरपंखी लुगडं, पदर पुढे ओढून मांडीवर घेतलेला, दोन्ही हात त्याच्याखाली. तिच्या उजवीकडे मी, खेटून.

आदल्या दिवशी तू मला जिन्यात गाठलं होतंस. "ताई, उद्या मंडपात आईले हात हलवू देऊ नको. रंजीताच्या घरच्याइले मी सांगतलं नाही, आईले आयकू येत नाही म्हून." तू तेव्हा नाशिकसारखं बोलायला शिकला होतास, पण हे वाक्य वऱ्हाडीतच निघालं. मी आईला सांगितलं. तिने तुझ्याकडे बघितलं, तू वळून निघून गेलास. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच पदर ओढून बसली.

यूसराने मला विचारलं, हिचे हात कुठे आहेत? मी खरं ते सांगितलं. तिने फोटोखाली लावायला लिहिलं, "मुलाच्या लग्नात हात झाकून बसवलेली आई." मी म्हटलं, हे नको. ती म्हणाली, खोटं आहे का? खोटं कसं म्हणू? तिलाही घरच्यांनी पाहुण्यांसमोर हात खाली ठेवायला लावलेले आहेत. ती ते वाक्य कोणासाठी बदलणार नाही. तरी ती जागा सध्या कोरी ठेव म्हणून मी विनवलं आहे. उद्घाटनापर्यंत मी काही बोलले नाही, तर तू त्या भिंतीवर कायमचा तसाच राहशील. उद्या संस्कृती येऊन वाचेल.

त्या दिवसानंतर तू आईच्या हातांकडे नीट बघितलं नाहीस. घरी यायचास तेव्हा पेपर उघडून बसायचास. तिच्या दहाव्यालाही तू अंगणात खिशात हात घालून उभा होतास आणि संध्याकाळच्या एसटीने गेलास. तुला वाटतं, ती तुझ्या लग्नात दिवसभर मुकी बसली होती. तू विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. वाटायचं, सलू दे थोडं. थोडं थोडं म्हणता आई गेली.

ती मुकी बसली नव्हती, जगू. पदराखाली माझा डावा हात तिच्या हातांत होता आणि ती अंधारातल्यासारखी बोलत होती. सारखी. आईचे हात मला नेहमी वऱ्हाडीतच ऐकू आले, म्हणून तसंच लिहिते.

"तो मामा पाह्य, तिसऱ्यांदा जिलबी घेऊन राह्यला."

"भटजीचं धोतर सुटते वाटते."

"सून चांगली हाये. नाकावर राग नाही."

"पोराले घाम येऊन राह्यला, कोणी वारा घाला ना."

फोटो तुझ्याकडेही असेल. माझं तोंड बघ. ओठ आवळले आहेत. सगळ्यांना वाटलं, मला रडू येत होतं. रंजीताची आत्या येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. मी हसू दाबत होते.

मग अंतरपाट धरला आणि आई दुसरं काही बोललीच नाही. नुसतं तुझं नाव. तुझे कान बाहेर आलेले, म्हणून तुझं नाव कानाच्या पाळीला हलका चिमटा. अंधारात ती तुझीच पाळी शोधून धरायची. मंडपात तू लांब होतास, म्हणून ती माझ्या अंगठ्याखालच्या मांसाला चिमटा घेत राहिली. मंगलाष्टकं संपली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाजंत्री सुरू झाली. तिला त्यातलं काही कळलं नाही. अंतरपाट दूर होऊन तुझं तोंड दिसेपर्यंत ती तुझं नाव घेत होती.

आता अक्षराचं. मागच्या आठवड्यात यूसराने आईची 'पाणी' ही खूण मला करून दाखवली. अगदी बरोबर, फक्त शेवटी बोटं थरथरवली. मी म्हटलं, अशी नाही ती. तिने माझाच व्हिडिओ लावला. फय्याजभाई शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "मंजूताई, पोरीचं काही चुकून नाही राह्यलं. तुमचा हात थरथरते."

त्या संध्याकाळी मी भिंतीला उजवा हात लावला. थरथर होती. मग डावा लावला. भिंत गप्प होती. मी एकच कप चहा केला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला आहे. हळूहळू वाढेल, म्हणाले. तू घाबरू नकोस, गोळ्या चालू आहेत. पण यूसराने माझ्याकडून घेतलेली आईची प्रत्येक खूण आता थरथरते, आणि आई तर दगडासारख्या स्थिर हातांनी बोलायची. त्या खुणा येणारं दुसरं माणूस तूच उरला आहेस. आणि अंधारातलं बोलणं तर कॅमेऱ्यात दिसतच नाही. ते हातातून हातातच द्यावं लागतं.

कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते.

पितळी वाटी संग्रहालयाला. आईला हाक मारायला आपण ती तिच्या पायांकडे घरंगळत सोडायचो, तिचे पोचे तसेच राहू द्या, घासून उजळू नका. मोरपंखी लुगडं यूसराला. तिने ते काचेत ठेवू नये, नेसावं. कंदील संस्कृतीला. दहाव्याच्या दिवशी तिने एकटीने मला विचारलं होतं, आजी कशी बोलायची? बाबांचा जिनिंगमधला पाना तौकीरला, त्याला तो लहानपणापासून हवा होता. फोटो भिंतीवरच राहू दे. त्याच्याखाली काय लिहायचं ते तू यूसरासमोर उभा राहून सांग, हातांनी. तिने लिहिलेलंही तिथे असू दे, ते खरं आहे. तुझं त्याच्या शेजारी.

तुझी वाटणी पार्सलने पाठवता येत नाही. ये, दिवे घालवून बसू.

उजव्या हाताने हे लिहिलं, म्हणून असं दिसतं आहे. डावा अजून स्थिर आहे. आई त्याच हातात बोलली होती.

वाट बघते,
तुझी ताई