चिदोरीचा वाकडा दांडा

७ सप्टेंबर १९९८
झालं! ओकिहारा सायकल कंपनीचा ऐंशी वर्षांचा इतिहास आता मी लिहायचा. का, तर माझं अक्षर चांगलं. छापायच्या पुस्तकाला अक्षर कशाला हवं, हे मालकांना विचारायचं नसतं.

सुरुवात त्यांनीच सांगितली — पूर्वज बंदुका घडवायचे, त्याच हातांनी पुढे सायकली घडवल्या. आमच्या साकाईत प्रत्येक सायकलवाल्याचे पूर्वज बंदुकाच घडवत होते. मग गावात भाजी कोण विकत होतं, देव जाणे. मालक ओकिहारांचे आजोबा छत्र्या दुरुस्त करायचे. मालकांचे वडील, म्हणजे थोरले मालक, साकेचे दोन पेले पोटात गेले की स्वतःच सांगतात.

२१ सप्टेंबर
आज 'चिदोरी'चं प्रकरण. बायकांची सायकल, मधला दांडा खाली वाकवलेला. पाठीला पोर बांधलेलं असलं तरी टांग न टाकता बसता येतं. हिच्याच जिवावर कंपनी तगली. ती म्हणे 'थोरल्या मालकांच्या दूरदृष्टीतून' जन्मली. दूरदृष्टी! तो दांडा माझ्या बाबांनी वाकवला, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. बाबा गेले, पण कंपनीने कधी त्यांचं नाव घेतलं नाही. मला राग येतो, खरंच येतो. एका ओळीत का होईना, ते यायला हवं.

२२ सप्टेंबर
मालकांना विचारलं. त्यांनी दातांतून हवा ओढली, मान तिरकी केली. "अवघड आहे जरा." म्हणजे नाही.

५ ऑक्टोबर
घातलं नाव! मसुदा मंजुरीच्या शिक्क्यांसाठी सगळ्या टेबलांवरून फिरून आला. आमच्याकडे वाचून शिक्का मारत नाहीत. आधीच्याने मारलाय ना, मग त्याने वाचलंच असेल! फक्त आपला शिक्का साहेबाच्या शिक्क्याकडे जरा कलता हवा, वाकून नमस्कार केल्यासारखा. सगळे शिक्के व्यवस्थित वाकलेत. मालकांचा तेवढा ताठ — तोही न वाचताच.

घरी आईला सांगितलं. वाटलं, खूश होईल. ती मुळा किसत होती, किसतच राहिली. "जाड होणार का पुस्तक?" एवढंच विचारलं. धन्य!

१२ ऑक्टोबर
थोरल्या मालकांनी मसुदा घरी मागवला. ते वाचतात! नोकरी गेली समजायचं.

१५ ऑक्टोबर
बोलावणं आलं. ते पान उघडंच होतं. "मिसुझु, नाव चुकलंय." मी माफी मागायला वाकले.

"तुझ्या बापाने दांडा वाकवला, खरंय. पण कुठे वाकवायचा, ते तुझ्या आईने सांगितलं. तुला पाठीला बांधून त्याचा डबा आणायची. सायकलवर चढताना आमच्या फाटकाशी पडली एकदा. उठली, तडक आत आली आणि खडूने दांड्यावर रेघ मारून गेली. श्रेय आम्ही दोघांनी वाटून घेतलं. त्याने घरात, मी बाहेर."

ते म्हणाले, "तिचं नाव घाल. शिक्का मी मारतो."

१६ ऑक्टोबर
बाबांचं नाव खोडलं. वर आईचं लिहिलं — उरागामी कियो. आईला म्हटलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"तुझे बाबा ती गोष्ट फार छान सांगायचे," म्हणाली.