कुंदनचं उजवं पाऊल

४ मार्च
नातीला, नमिताला, बजावलंय — मी बोलेन तेवढंच लिहायचं, पदरची अक्कल घालायची नाही.
आज तिच्या भावाचं, कुंदनचं, चालायचं मशीन बघायला नेरूळच्या इस्पितळात गेले. पोराला पट्ट्यांनी असा टांगतात, जसा बोंबील वाळत घातलाय! खाली पट्टा सरकतो, लोखंडी हात त्याचे पाय उचलतात. मशीन चालवणारी उज्वला मॅडम म्हणाली, "आजी, सध्या पावलं मशीनची आहेत." म्हटलं, मग यंदा हंडीला मशीनलाच चढवा! कुंदन हसला. हंडीच्या थरावरून पडून कणा मोडला, त्यानंतर आज पहिल्यांदा हसला.
तो पडला तेव्हाच मी देवीला सांगितलं — हा पायांनी चालेपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही. दिवसभर दिवाळे गावच्या बाजारात मासळी विकते, घरी येऊन वरणभात गिळते. कोळणीला याहून वेगळा तुरुंग नको.

१९ मार्च
वरणभात. पुन्हा.

२ एप्रिल
कुंदन आल्या आल्या म्हणाला, "आजी, आज उजवं पाऊल मी टाकलं. मशीननं नाही." माझा दिलीप, बाप त्याचा, ढसाढसा रडला. मी पापलेट मागितलं. गल्लीभर जेवण! मी डोळेसुद्धा सोडले नाहीत — माशाचे.

९ एप्रिल
दिलीपनं चाकांची खुर्ची माळ्यावर टाकली. पाऊल टाकतो ना, मग खुर्चीचे लाड कशाला! पोराला उभं केलं, हात सोडले. कुंदन आडवा. लागलं का विचारलं, तर हसून नाही म्हणाला. आम्हीही हसलो. मी तर विचारलं, हंडी फुटली का रे?

१२ एप्रिल
मांडी सुजून भोपळा. हाड मोडलंय! इतके दिवस त्याला कळलंच नाही — कमरेखाली काही कळतच नाही. मशीन बंद. उभं कुणी केलं, उज्वलानं विचारलं. दिलीपनं उजव्या पावलाचं सांगितलं.
"काका, त्यानं एकही पाऊल टाकलेलं नाही. जोर कुणाचा ते मशीनवर दिसतं ना."
दिलीप कुंदनवर ओरडला — खोटं का बोललास?

१३ एप्रिल
काल वरचं लिहून झालं तरी नमिता उठेना. मग म्हणाली, "तू खंगत चाललीस, असं डॉक्टर आईला सांगत होते. दादानं ऐकलं. तू खावंस म्हणून बोलला तो."
हेही लिही म्हटलं.

१४ एप्रिल
ज्यासाठी पोरानं मांडी मोडून घेतली, ते मासे आता सोडायची सोय राहिली नाही. दुपारी पापलेट. कुंदन पलंगावरून माझ्या ताटाकडे बघत होता. "मीठ कमी आहे," म्हटलं, आणि काटे चोखून ठेवले.