आवाजावरची जकात

पाली,
४ फेब्रुवारी १९८६

चि. सहदेव यास हरिश्चंद्रदादाचे अनेक आशीर्वाद.

घशाचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. जखम भरली, पण आवाज गेला तो गेलाच. वर्गात फळ्यावर लिहून शिकवतो आणि पोरं पाठीमागे खुशाल गप्पा मारतात. मागे लिहिलं होतं ते यंत्र हॉलंडच्या कंपनीनं रवाना केलं आहे. गळ्याला लावून ओठ हलवले की बोलणं ऐकू येतं म्हणे. पत्ता तुझा दिला आहे, कारण जकात मुंबईतच भरावी लागते. पैसे मनिऑर्डरने धाडतो. तीस एप्रिलला शाळेत माझा निरोप समारंभ आहे. चौतीस वर्षं नोकरी केली, शेवटचं भाषण मलाच करायचं आहे.

खिडकीवर मात्र त-त-प-प करू नकोस, कस्टमवाले चोर समजून आत टाकतील. वहिनी कुळथाचं पीठ पाठवते आहे.

तुझा दादा

मुंबई,
२० फेब्रुवारी १९८६

ती. दादांस सहदेवचा शि. सा. न. वि. वि.

मनिऑर्डर पोचली, पीठही पोचलं. पार्सलची नोटीस आली म्हणून छापखान्यातून अर्धा दिवस रजा काढून परदेशी टपालाच्या कचेरीत गेलो. विजेची वस्तू म्हणून त्यांनी ती रेडिओच्या सदरात धरली आहे, त्यामुळे जकात यंत्राच्या किमतीहून जास्त होते. डॉक्टरांचा दाखला दाखवून, वस्तू काय आणि कुणासाठी ते साहेबांना तोंडी पटवलं तर कमी होईल. दाखला धाडावा. एकतीस मार्चपर्यंत सोडवलं नाही तर पार्सल परत जाईल. तब्येतीस जपावे.

आपला आज्ञाधारक,
सहदेव

पाली,
१ मार्च १९८६

चि. सहदेव यास अनेक आशीर्वाद.

दाखला सोबत आहे. तोंडी सांगायचं म्हटल्यावर मी पाटीवर ‘मेलो’ असं लिहिलं आणि तुझी वहिनी पदरात हसली. चौथीत तुला बाकावर उभा करून ‘परशुराम’ म्हणायला लावायचो, आठवतं? घंटा व्हायची तरी ‘प’ सुटायचा नाही. सगळा वर्ग हसून लोळायचा. तुझ्या भल्यासाठीच मारलं. आता साहेबापुढे जमलं तर माझ्या मेहनतीचं चीज झालं म्हणेन. नाहीच जमलं तर दाखला छातीवर चिकटवून उभा राहा.

उशीर करू नकोस. परवा विहिरीपाशी साप निघाला. वहिनी पाठमोरी होती. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. दगड फेकला तेव्हा तिला कळलं.

दादा

मुंबई,
२ एप्रिल १९८६

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

पार्सल परत गेलं. तुमचे पैसे मनिऑर्डरने उलट पाठवले आहेत.

साहेबांनी विचारलं, हे काय आहे. ‘भावाचा आवाज’ म्हणायला गेलो आणि ‘भ’वर अडकलो. मागे रांग होती, त्यातलं कुणीतरी हसलं. साहेब वाईट नव्हते. कागद पुढे सरकवून म्हणाले, लिहून द्या. दाखला खिशात होता. मी दिवसाचे आठ तास अक्षरंच जुळवतो, दोन ओळी लिहिणं मला जड नव्हतं. मी लिहिलं, ‘वस्तू नको, परत पाठवावी.’ खाली सही केली.

घाबरून केलं असं तुम्हाला वाटेल, म्हणून स्पष्ट लिहितो. मी घाबरलो नव्हतो. कचेरीबाहेर येऊन मी चहा प्यालो आणि मला फार बरं वाटलं.

सहदेव

पाली,
६ मे १९८६

चि. सहदेवभावजी यांस कमलावहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. मग पाटीवर लिहिलं, ‘थापा मारतो. तोतरा घाबरला.’ आणि पुसून टाकलं. तेवढंच.

समारंभ झाला. ह्यांनी भाषण नऊ पानं लिहिलं होतं. हेडमास्तरांनी वाचायला घेतलं, दुसऱ्या पानावर चहा आला, उरलेलं तसंच राहिलं. हे स्टेजवरून हात हलवत होते, अजून आहे, अजून आहे म्हणून. लोकांना वाटलं निरोप देताहेत. त्यांनीही हात हलवले.

भावजी, तुमच्या बाकाची गोष्ट जेवताना निघायची तेव्हा मीही हसायचे. नवी होते. तुमच्यावर हसणं चाललं की तेवढा वेळ माझ्याकडे लक्ष नसायचं. तुम्ही मुंबईला गेलात आणि माझी पाळी आली. भातापासून माहेरापर्यंत काही सोडलं नाही ह्यांनी. आता राग आला की आधी खडू शोधावा लागतो. तोवर मी परसात निघून जाते. लिहून झालं की पाटी घेऊन मागे येतात, पण मला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा मी घरात ठेवते.

ह्यांनी पुन्हा यंत्र मागवलं आहे. पत्ता कुणाचा द्यायचा यावर अडले होते, तुमचा नकोच म्हणत होते. मी समजूत घातली की सख्ख्या भावावाचून कोण धावणार, एकदा चुकला, पुन्हा नाही चुकायचा. पत्ता तुमचाच घातला. पाकीट मी स्वतः पोस्टात टाकून आले.

नोटीस आली की मला कळवा, घाई करू नका. इकडची माया आहे तशीच आहे, तुमचीही राहू द्या.

तुमची वहिनी,
कमला