पुलापलीकडे लाखात सहा

४ मार्च, मंगळवार
साहेबांच्या डोक्यात आज पूल शिरला! पुलाच्या अलीकडे, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, लाख मुलांमागे एकेचाळीस निरीक्षणगृहात डांबलेली. पलीकडे सहा. "कारण शोधा. महिनाअखेर हा फरक मला दिसता कामा नये." वीस वर्षं या खात्यात आकडे मांडतेय, पण आकड्यांवर कुणी इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. उपसाहेब म्हणाले, पाण्यात काहीतरी असेल. म्हटलं, नदी एकच आहे. "मग काठात असेल." तेही टिपून घ्यावं लागलं.

६ मार्च
धाकट्या बहिणीचा फोन. ती पलीकडे राहते. भाच्याने हेडमास्तरांची स्कूटर मैदानात सात फेऱ्या फिरवली आणि आठव्या फेरीला पाण्याच्या टाकीवर घातली. वय वर्षं पंधरा! टाकी सुखरूप, स्कूटर चेपली. पोलिसांनी नाव लिहून घरी सोडलंय, अठराला बालन्यायालयात उभं राहायचं. धाकटी रडकुंडीला आलेली. "ताई, वकील बघू का गं?" म्हटलं, कशाला? तुमच्याकडे लाखात सहा! माझ्याकडे आकडे आहेत.

मग भाचा फोनवर आला. "मावशी, आत टाकतील?" आवाज एवढासा झालेला. म्हटलं, नाही रे गाढवा, कोण टाकतंय तुला.

७ मार्च
आमचं निरीक्षणगृह पाहिलं. एकशेवीस खाटा, तीन रिकाम्या. त्या तीन दाखवताना अधीक्षक चक्क लाजले — घरात पसारा असताना पाहुणे आल्यासारखे.

आणि मग कळलं. रोज सकाळी साडेनऊला रिकाम्या खाटांची चिठ्ठी शिपायाबरोबर न्यायालयात जाते. न्यायाधीश ती समोर ठेवूनच कामाला बसतात. परवा एका मुलाने दुकानाची काच फोडली. चिठ्ठीत चार खाटा होत्या. नव्वद दिवस! "खाटा वाया जाऊन कसं चालेल, बाई?" अधीक्षक म्हणाले. अगदी मनापासून.

१० मार्च
पलीकडचं निरीक्षणगृह. सात वर्षांपूर्वी वादळात छप्पर गेलं, तेव्हापासून दुरुस्तीचा अर्ज आमच्याच खात्यात फिरतोय. अधीक्षक छत्री उघडून खुर्चीत बसलेले. बाहेर लख्ख ऊन! म्हणाले, सवय. चौदा कर्मचारी, मुलं आठ, तीही कचेरीत सतरंजीवर. पहारेकरी बादल्यांवर पहारा देतो.

इथूनही चिठ्ठी जाते. रिकाम्या खाटा: शून्य. सात वर्षं रोज शून्य! मग न्यायाधीशबाई करणार काय? खरडपट्टी काढतात, चार रविवार वाचनालय झाडायला लावतात आणि आईबरोबर घरी पाठवतात. मी विचारलं, पुन्हा येतात का ती मुलं? "फारशी नाही हो," अधीक्षक म्हणाले. तोंड उतरलं बिचाऱ्यांचं.

११ मार्च
अहवाल दिला, एकच पान. "फरक मुलांत नाही, खाटांत आहे. पलीकडे छप्पर नाही, म्हणून मुलं घरी जातात." साहेब उठून उभे राहिले! "वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कारण आणलं." मला हवेत तरंगल्यासारखं झालं. आता आमच्याकडची चिठ्ठी बंद होणार, मुलं घरी जाणार — माझ्या एका पानाने! त्या आनंदात बसमधून दोन थांबे पुढे गेले.

१८ मार्च
न्यायाधीशबाईंची दाढ सुजली. सुनावणी सत्तावीसला. धाकटीचं पुन्हा तेच, "ताई, निदान एखादा वकील—" नको म्हटलं ना! ओरडलेच तिच्यावर. मग वाईट वाटलं. पण खरंच गरज नाही.

२१ मार्च
साहेब भलतेच खुशीत. "तुमच्या अहवालावर तातडीने कारवाई चालू आहे. फरक मिटलाच म्हणून समजा." मी लगेच आमच्या अधीक्षकांना फोन केला — चिठ्ठी बंद झाली का? छे, म्हणाले, आजच पाठवली, दोन खाटांची. असो. सरकारी काम, वेळ लागायचाच.

२७ मार्च
नव्वद दिवस.

पलीकडच्या चिठ्ठीत आज चाळीस खाटा होत्या. सात वर्षं रखडलेलं छप्पर बारा दिवसांत झालं. भाच्याला पहिली खाट मिळाली, चादर कोरी आहे म्हणे.

धाकटीला रडूही येत नव्हतं. फोनवर एवढंच विचारलं, "ताई, ते छप्पर असं अचानक कुणी गं करवलं?"

म्हटलं, कुणास ठाऊक.