डाव्या स्टुलावरचा फोटो

८ एप्रिल
आज दुपारी माझं आयुष्य बदललं. समोरच्या किंबापच्या, म्हणजे कोरियन भाताच्या गुंडाळ्यांच्या, दुकानात काम करणारी बोराम मामांच्या फोटोबूथमध्ये डोकावली आणि म्हणाली, काय रे, इथले फोटो नेहमी असे पुसटच येतात का? म्हणजे तिला इथं फोटो काढायचाय. कुणाबरोबर, ते उघड आहे.

९ एप्रिल
कॅमेरा कसला, कम्प्युटरला लावलेला वेबकॅम. मामांना म्हटलं, बदला. म्हणाले, कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या इंजिनिअरला एवढा पुरे. भांडलो. मग लेन्स पुसली. तेलकट बोटं उमटली होती. माझी नसावीत.
संकल्प : बूथमध्ये खाणं बंद.
संध्याकाळी नूडल्स खाल्ले. पण उभ्यानं.

११ एप्रिल
दिवे डोक्यावरून काढून चेहऱ्यासमोर लावले. उजेड कमी पडला की हलणारं सगळं फराटतं, हा माझा शोध. (मामा म्हणतात, खोक्यावर छापलंय.) फोकस सारखा भटकतो, म्हणून एका जागी पक्का केला. चाचणीला डाव्या स्टुलावर मी, उजवं बोरामसाठी रिकामं. जोडपी दोघांचे हात जोडून हृदयाचा आकार करतात, तसं माझ्या बाजूचं अर्धं केलं. अंदाज यावा म्हणून. पापणीन् पापणी आली. आणखी बरेच काढले.

१३ एप्रिल
शाळेतल्या मुलींची तक्रार : फोटो पुसट. स्टुलं सोडून उड्या मारल्यावर फोकस काय करणार? जाताना आमच्या काचेकडे बघून खिदळल्या. रागावलो नाही. दार जोरात लागलं, ते वाऱ्यानं.

१५ एप्रिल
बोरामला सांगितलं, आता फोटो एकदम स्पष्ट येतात. म्हणाली, हो, पाहिले की. शनिवारी येते. कुठं पाहिले, ते विचारायचं राहिलं.

१८ एप्रिल, शनिवार
आली. बरोबर बारीक केस कापलेला एक जण. सैन्यातून सुट्टीवर आलाय. माझ्या स्टुलावर बसला. त्याचं अर्धं हृदय, तिचं अर्धं, बरोबर जुळलं. दोघांच्याही पापण्या मोजता येतात. इथल्या रिवाजाप्रमाणे फोटोंची एक पट्टी बूथच्या भिंतीवर चिकटवून गेले.
निघताना ती हळूच म्हणाली, ते काचेतले तुझे फोटो आता काढ रे. आमच्या दुकानातल्या मावशी रोज गिऱ्हाइकांना दाखवतात.
आमच्या दर्शनी काचेत रस्त्याकडे तोंड केलेला स्क्रीन आहे. मी कधी बघितला नव्हता. बाहेर असलो की माझी नजर समोरच्या दुकानाकडे. त्यावर आठवडाभर मीच फिरतोय, अर्धं हृदय धरून, रिकाम्या स्टुलाकडे बघून हसत.
मामांना जाब विचारला. म्हणाले, नमुना म्हणून काय लावू? तेवढेच तर स्पष्ट आले होते.
स्क्रीन बंद केलाय. आता बाहेर पडतो. दार हळू लावीन. आज वारा नाही.